फडक्यावरचं नाव

समोरचा सुहास रोज सकाळी एका जुन्या काळ्या टीशर्टने स्कूटर पुसतो. त्यावर पांढऱ्या रंगात काहीतरी छापलंय, झाडाची मुळं उपटून ठेवावीत तसं. एकदा विचारलं तर म्हणाला, “आमच्या बँडचं नाव आहे. कॉलेजात डेथ मेटल वाजवायचो.”

पिठाच्या गिरणीमागच्या खोलीत सराव चाले, कारण त्या खडखडाटात कुणाची तक्रार येत नसे. गिटार अगदी खालच्या सुरात, ड्रम सुसाट, आणि गाणं म्हणजे सुहासची पोटातून काढलेली गुरगुर. एकच सीडी निघाली, झेरॉक्सच्या कव्हरात. मग नोकऱ्या लागल्या.

“नाव निदान वाचता तरी यायला हवं होतं,” मी म्हणालो.

“ज्याला हवं तो वाचतो.”

मला ते काही पटलं नाही. पण आपण दारावर ठळक अक्षरांत पाटी लावतो, तरी लोक शेजारचीच बेल वाजवतात.

काल त्याच्याकडे पाण्याचा फिल्टर दुरुस्त करायला पिकल्या दाढीचा एक गृहस्थ आला होता. जाताना स्कूटरपाशी थबकला आणि सुहासच्या हातातल्या फडक्यावरचं नाव त्याने सहज वाचलं. “सीडी आहे अजून माझ्याकडे,” म्हणाला आणि गेला.

आज सुहास बनियनने स्कूटर पुसतोय. टीशर्ट धुऊन दोरीवर वाळत घातलाय, नाव रस्त्याच्या बाजूला.