न मोजलेले वीस

नर्सिंगला येऊ बघणाऱ्या निपाणीकडच्या मुली मला फोन करून विचारतात, बेंगळुरूचं कॉलेज कसं असतं? आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिली, त्यामुळे सल्ला द्यायला मला आवडतं. मेस, लॅब यांचं सांगून झालं की दुसऱ्या वर्षातली एक सकाळ सांगते.

वॉर्डात सहा बायकांचे ताप, नाडी, श्वास लिहायचे होते. श्वास मिनिटभर छातीकडे बघून मोजायचा असतो. माझी अथणीची सीनियर म्हणाली, "अगं बाई, अशी बघत बसलीस तर जेवण चुकेल. वीस लिही. वीसवर कोणी मरत नाही."

मी सहाही जणींना वीस लिहिले.

त्या सहांपैकी पाच नंबरच्या खाटेवर बोम्मसंद्र्याची एक अक्का तापानं दाखल होती. आदल्या दिवशी तिनं बोलून बोलून माझं डोकं खाल्लं होतं. आज "जेवलीस का" एवढं विचारतानाही तिला मध्ये थांबावं लागलं. मी घड्याळ धरून मोजलं. चौतीस.

खोटं लिहिलं तर पालकांना बोलावणार, हे पहिल्याच आठवड्यात सांगितलेलं. बाबा आले असते, तर माझी ट्रंक बसवर चढवूनच परतले असते. चार्ट गुपचूप बदलता आला असता. पण अक्काला ताबडतोब कुणीतरी बघायला हवं होतं. मी वॉर्ड सांभाळणाऱ्या सिस्टर मॅडमकडे धावले.

"मॅडम, पाच नंबरचे वीस मी मोजले नव्हते. कुणाचेच मोजले नाहीत."

"आता किती आहेत?"

"चौतीस."

"सरी, बरं, चल."

मॅडमनी ऑक्सिजन लावला, डॉक्टरांना बोलावलं. अक्काचा दम जरा बसल्यावर मी व्हाइटनर काढला.

"ठेव तो. एक रेघ मार, बाजूला खरा आकडा, वेळ, सही. जुना आकडा वाचता आला पाहिजे."

"मॅडम, घरी फोन..."

"तो लपवणाऱ्यांसाठी. तू येऊन सांगितलंस. माझ्या पहिल्या वर्षी मी अठरा लिहायचे. जा, उरलेल्या पाच जणींचे मोज."

मला हसू आलं आणि डोळेही भरले. अक्का चार दिवसांनी चालत घरी गेली. पण त्या दुपारी मी जेवण सोडून प्रत्येकीपाशी मिनिटभर उभी राहिले. चौथीचे खरंच वीस भरले. विश्वास बसेना, म्हणून पुन्हा मोजले.