दोन चाव्यांचं कपाट

संध्याकाळी आमच्या खारी गावातल्या कट्ट्यावर मित्र विचारतात, "दिवसभर एसीत बसून तू करतोस काय?" मी म्हणतो, कपाट सांभाळतो. ते हसतात. पण त्या एका कपाटापायी किती किस्से साठलेत, आणि त्यातले बरेचसे चीड आणणारेच.

हाटकेश भागातली आमची कंपनी लोकांना फोनवर बोलायची सोय देते. ते बोलणं कुलूपबंद असतं, तिसऱ्याला ऐकू येत नाही. ते उघडायच्या आकड्यांचे दोन तुकडे दोन पाकिटांत घालून कपाटात ठेवलेत. सरकारचा लेखी हुकूम आला, तरच काढायचे. कपाटाला कुलपंही दोन. एक चावी ऑफिसातल्याच, उत्तनहून येणाऱ्या सेलिनताईंकडे, दुसरी माझ्याकडे. मालक म्हणाले होते, "काका, तुम्ही सातवी शिकलेले. पाकीट उघडलंत तरी काही कळायचं नाही." मला ते लागलं. पण चावी जपली.

एकदा पेणकरपाड्याच्या एका सोसायटीचे सेक्रेटरी आले. सुनेचे फोन ऐकायचे होते. सरकारी हुकूम आणलाय का, विचारलं. त्यांनी सोसायटीचं लेटरहेड पुढे केलं. खाली शिक्का. ठराव बहुमताने मंजूर!

मग नवे मॅनेजर आले, आकडे बदलले. कागद पाकिटात जायच्या आधी, हरवू नयेत म्हणून त्यांनी दोन्हींचे फोटो ऑफिसच्या ग्रुपवर टाकले. त्या ग्रुपवर पाण्याचे जार देणारासुद्धा आहे. मी म्हणालो, साहेब, लोकांची घरातली बोलणी आहेत ती. "डिलीट केलं ना, काका!"

ताई रजेवर गेल्या, तेव्हा साहेबांनी त्यांची चावी माझ्याच टेबलामागे खिळ्याला लावली. दोन माणसं हवीत, हा नियम मग कशाला? नेमका ऑडिटर आला. मी स्वतःहून खिळा दाखवला. त्याने लिहिलं, 'चाव्या तत्काळ उपलब्ध. उत्तम.'

आणि परवाचं. ताई रजेवरून परतल्या होत्या, चावी पुन्हा त्यांच्याकडे. ताई रोज दुपारी जिन्यात जाऊन कंपनीच्या फोनवर अर्धा तास बोलतात. दुसरीकडे नोकरी शोधतायत, असं साहेबांच्या डोक्यात बसलं. तसं निघालं तर त्याच दिवशी काढून टाकणार होते. ताईंचे फोन ऐकायला कपाट उघडा म्हणाले. सरकारी हुकूम विचारला, तर म्हणाले, "मीच देतोय ना!"

मी वाद घातला नाही. कपाटाचं रजिस्टर उघडलं, ताईंचा नंबर सावकाश लिहिला. कारणाचा रकाना साहेबांनी कोराच ठेवायला सांगितला. मग, दुसरी चावी ज्यांच्याकडे त्यांचीही सही लागते, म्हणून मी ताईंना हाक मारली.

त्यांनी चष्मा लावला. स्वतःचा नंबर वाचला. साहेब खिडकीबाहेर बघत होते.

"काका, पेन द्या," म्हणाल्या, आणि कोऱ्या रकान्यात लिहिलं, 'आईला ऐकू येत न्हाय. मी ओरडूनच बोलते. साहेबांनी जिन्यात येऊन उभं राहावं.'

खाली सही केली.