मास्तरांचे स्वच्छ हात

पॉलिशमास्तरांना राग यायला कारण लागत नसे. खुर्चीच्या पायावर धुळीचा कण बसला की धुळीवर राग. आभाळ भरून आलं आणि पॉलिश वाळेना की आभाळावर राग. गिऱ्हाईक "छान झालंय" म्हणालं तरी राग, कारण छान म्हणजे काय ते त्या मेल्याला काय कळतंय! यंत्राने फवारा मारून कपाटं चमकवणाऱ्यांबद्दल तर बोलायलाच नको. मास्तर तीस वर्षं कापडाच्या बोळ्याने, हाताने पॉलिश करत आले होते आणि बाकीचे सगळे त्यांच्या मते भिंती रंगवणारे होते. पण साहेबाने खाणं सोडलं तेव्हा हा राग कुणावर काढावा तेच कळेना, म्हणून तो सगळ्यांवर निघाला.

साहेब म्हणजे मास्तरांचा बोका. करडा, रुंद तोंडाचा, एक कान फाटलेला. पाच वर्षांपूर्वी आपण होऊन दुकानात शिरला आणि नुकत्याच पॉलिश केलेल्या खुर्चीवर जाऊन बसला. ओल्या पॉलिशवर चार पंजे उठले. माणूस असता तर मास्तरांनी त्याला रस्त्यापर्यंत पोहोचवलं असतं. बोक्याला मात्र त्यांनी बसू दिलं, आणि तो उठल्यावर खुर्ची पुन्हा घासून पहिल्यापासून पॉलिश केली. ज्या माणसाने एका स्टुलावरून सख्ख्या भावाशी बोलणं टाकलं, तो एका बोक्यापुढे असा कसा विरघळतो, हे त्यांच्या बायकोला कधी उलगडलं नाही.

खाली दुकान, वर घर. साहेबाची वाटी वर स्वयंपाकघरात असायची आणि ती मास्तरांची बायको भरायची. दिवसभर तो खाली तयार मालावर फिरून पाहणी करायचा आणि जेवायला वर जायचा. सोमवारी त्याला शिंका सुरू झाल्या. मंगळवारी नाक वाहायला लागलं. बुधवारी त्याने वाटीकडे पाहिलं आणि पाठ फिरवली. गुरुवारी सकाळी मास्तरांनी दुकानाला कुलूप लावलं आणि त्याला टोपलीत घालून जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या. केस आखूड, बोलणं त्याहून आखूड.

"नाक चोंदलंय," त्या म्हणाल्या. "मांजराला वास आला नाही तर ते खात नाही, कितीही भूक असू दे. इंजेक्शन दिलंय, उद्यापर्यंत नाक मोकळं होईल. पण काका, पोटात काहीतरी गेलंच पाहिजे. आणखी दोन दिवस उपाशी राहिला तर लिव्हर निकामी व्हायला लागेल. मग माझ्या हातात फारसं काही राहणार नाही."

"मग करायचं काय ते सांगा ना!"

"उकडलेली कोंबडी बारीक करा, कोमट असू दे. हात अगदी स्वच्छ धुवा आणि बोटावर घेऊन तोंडाशी धरा. शनिवारी सकाळपर्यंत खाल्लं नाही तर घेऊन या. नळी घालावी लागेल."

नळीच्या नावाचा मास्तरांना धसका बसला. घरी येईपर्यंत त्याचाही राग झाला.

बायकोने कोंबडी उकडली, कुस्करली आणि बोट पुढे केलं. "सर बाजूला," मास्तर म्हणाले. "माझ्या पोटावर झोपतो तो. खाल्लं तर माझ्याच हातून खाईल."

आणि ते हात धुवायला गेले. आता पॉलिशवाल्याचं हात धुणं म्हणजे तुमच्याआमच्यासारखं नव्हे. लाखेचा थर साबणाला दाद देत नाही. म्हणून आधी थिनरमध्ये बुडवलेला बोळा हातावर फिरवायचा, नखांच्या कडा खरवडायच्या, बोटांच्या पेरांत घासायचं, मग वरून साबण. मास्तरांचे वडील असेच हात धुवायचे आणि मास्तर सातव्या वर्षापासून असेच धुवत आले होते. ज्याला थिनर लागला नाही तो हात त्यांच्या लेखी घाणच. डॉक्टरीणबाईंनी "अगदी स्वच्छ" म्हटलं होतं, म्हणून त्यांनी बोळा दोनदा फिरवला.

साहेबाने तोंड फिरवलं. चोंदलेल्या नाकाने त्याला काय कळत होतं कोण जाणे, पण त्याने बोटाला तोंड लावलं नाही. "उद्या नाक सुटेल," मास्तरांनी स्वतःलाच बजावलं.

शुक्रवारी नाक खरंच सुटलं. श्वासाची घरघर थांबली, नाकाचा शेंडा ओलसर झाला. मास्तर इतके खूष झाले की त्यांनी तीनदा थिनर लावून हात चोळले, अगदी मनगटापर्यंत. कोमट कोंबडीचा एवढासा गोळा बोटावर घेतला आणि गुडघे टेकून बसले.

"ये रे माझ्या राजा. एवढंच. माझ्यासाठी."

साहेबाने मान पुढे केली, एकदा हुंगलं आणि कान पाडून मागे सरला. त्याच्या तोंडातून लाळ गळायला लागली. मास्तरांनी बोट आणखी पुढे नेलं, तसा तो उठला, लटपटत्या पायांनी कपाटाखाली गेला आणि भिंतीला चिकटून बसला.

मग मास्तरांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. कोंबडी शिळी म्हणून ते कोंबडीवाल्याशी भांडून आले. पातेलं नीट घासलं नसेल म्हणून बायकोवर ओरडले. आजकालच्या पोरींना डॉक्टर कोण करतं म्हणून शेजारच्या शिंप्याला ऐकवलं. शिंप्याने आपला टाके घालत होकार दिला.

"अहो," बायको दारातून म्हणाली, "मी एकदा देऊन बघू का?"

"तू गप्प बस! माझ्या हातून खात नाही तो तुझ्या हातून खाणार आहे?"

ती आत वळली. मास्तर संध्याकाळपर्यंत दर दोन तासांनी हात धुऊन कपाटापाशी ओणवे होत राहिले, आणि साहेब त्यांची पावलं ऐकूनच आणखी आत सरकत राहिला. ते पाहून मास्तरांना रडू यायला हवं होतं. पण रडण्याची सवय नसल्यामुळे त्यांनी कपाटाला लाथ मारली.

शनिवारी टोपली उचलली तर हाताला वजनच लागेना. मास्तर दवाखान्यात शिरले ते ओरडतच. "तुमचं औषध फुकट! तुमचा सल्ला फुकट! दोन दिवस मी गुडघ्यांवर आहे आणि हा माझ्याकडे बघायला तयार नाही!"

डॉक्टरीणबाईंनी त्यांना संपेपर्यंत बोलू दिलं. मग मास्तरांनी आणलेला कोंबडीचा डबा घेतला, गरम पाण्यात धरून कोमट केला, आणि एक तुकडा बोटावर घेऊन टेबलावर चपट पडलेल्या साहेबासमोर धरला. साहेबाने हुंगलं. जीभ लावली. दुसरा तुकडा त्याने ओढून घेतला, आणि तिसऱ्याला तर तोंडातल्या तोंडात गुरगुरत खायला लागला.

"खातोय! अहो, खातोय!" म्हणत मास्तरांनी त्याच्या पाठीवर हात फिरवायला हात पुढे केला, तसा साहेब घास टाकून मागे सरला. डॉक्टरीणबाईंनी मास्तरांचं मनगट पकडलं.

"काका, हे काय लावलंय हाताला?"

"काही नाही. धुऊन आलोय. दोनदा."

"कशाने?"

"थिनरने. आणखी कशाने धुतात?"

"थिनरने?" आता त्यांचा आवाज चढला. "अहो, विष असतं ते! हे बोट दोन दिवस तुम्ही आजारी मांजराच्या नाकाशी धरत होतात? मला टेबलाच्या पलीकडून वास येतोय!"

"कसला वास? मला तर काही..." आणि मास्तर थांबले.

डॉक्टरीणबाईंनी स्पिरिटची बाटली उघडून त्यांच्या नाकाखाली धरली. मास्तरांनी हुंगलं. पुन्हा हुंगलं. वासच नाही, पाणीसुद्धा इतकं मुकं नसतं.

"कधीपासून?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

मास्तरांना सांगता येईना. गिऱ्हाइकासमोर फळी नाकाशी नेऊन "जुना साग आहे, ऐन उन्हाळ्यात कापलेला" असं सांगायचा त्यांना केवढा तोरा! ते सगळं वजनावरून आणि रेषांवरून कळत होतं. नाक कधीच उठून गेलं होतं, जाताना सांगूनसुद्धा गेलं नव्हतं.

"आठ दिवस तुम्ही भरवू नका," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "घरात दुसरं कोणी आहे ना?"

घरी येऊन मास्तरांनी टोपली बायकोपुढे ठेवली. "घे. भरव." आणि ते दारापाशी, दूर, उभे राहिले. तिने जमिनीवर बसून एकेक तुकडा दिला आणि साहेबाने एकेक खाल्ला. साहेब वाचला होता. मास्तरांना त्याचा आनंद होताच, पण दहा मिनिटांपेक्षा जास्त आनंदी राहणं त्यांना जमत नसे.

"तुला वास येत होता?"

"येणारच."

"मग सांगायला तोंड नव्हतं?"

"गप्प बस म्हणालात."

"ते काल! त्याच्या आधी?"

तिने वर पाहिलं नाही. "आधी सांगितलं होतं. लग्न झालं त्याच आठवड्यात. तुम्ही म्हणालात, हा कष्टाचा वास आहे, सवय कर. केली मी. फक्त शेजारी बसलं की घास घशाखाली उतरायचा नाही, म्हणून तुमचं आटोपल्यावर खिडकी उघडून जेवायला लागले."

सव्वीस वर्षं. सव्वीस वर्षं मास्तर शिंप्याला सांगत आले होते, की माझी बायको मला पोटभर वाढल्याशिवाय स्वतः घास घेत नाही, माया म्हणतात ती ही!

"सव्वीस वर्षं बोलली नाहीस!" ते ओरडले. "या मुक्या जनावराने दोन दिवसांत कळवलं मला!"

"त्याने तोंड फिरवलं तर तुम्ही दुकान बंद करून डॉक्टर गाठलात," ती शांतपणे म्हणाली आणि पुढचा तुकडा उचलला. "मी फिरवलं असतं तर?"

मास्तर तडक स्वयंपाकघरात गेले. भांड्यांची आदळआपट झाली. त्यांनी एक ताट वाढून तिच्यासमोर आपटलं, दुसरं स्वतःसाठी घेतलं, आणि जिन्यात जाऊन मागे दार धाडकन लावून घेतलं.

"अहो, हे काय आता?" आतून आवाज आला.

"गरम आहे तोवर जेव म्हणतोय ना!" मास्तर दारावर खेकसले.

जिन्याच्या पायरीवर बसून त्यांनी आपला हात नाकाशी धरला आणि जोरात श्वास घेतला. पुन्हा घेतला. काहीच आलं नाही. आजवर त्यांचा राग नेहमी दुसऱ्या कुणाकडे तरी निघून जायचा, आज त्याला जायला घर उरलं नव्हतं. आत ताटाला चमचा लागल्याचा आवाज येत होता, आणि मास्तर निवत चाललेलं ताट मांडीवर घेऊन तसेच बसून होते.