शेजारच्या वर्गाच्या बाई आणि शंभर ट्रॉल्या

“आयक भाऊ, कारखानाना गेटवर शंभर ट्रॉल्या उभ्या शेतस,” भिंतीपलीकडून आवाज आला आणि माझ्यासमोर बसलेल्या पालकांचे कान तिकडे वळले.

जगातली कुठलीही गोष्ट उसाच्या ट्रॉलीत भरता येते, अशी आमच्या शेजारच्या वर्गाच्या बाईंची खात्री आहे. अपूर्णांक, ग्रहणं, मुख्याध्यापिकांचा राग, सगळं त्या ट्रॉलीतूनच उतरवतात. शाळेत येतात त्या स्कूटीवरून, आणि हेल्मेट न काढताच हजेरी घेतात. दुसऱ्यांचे डबे उघडून “मीठ कमी शे” असा शेरा मारतात आणि मग तोच डबा संपवतात. भांडायला आलेले पालक जाताना त्यांना शेतातली वांगी देऊन जातात. मला अजून कुणी वांगं दिलेलं नाही.

यंदा चाचणीच्या निकालावर गुणांऐवजी पर्सेंटाइल छापून आलं. ते समजावायला मी रंगीत तक्ता केला होता, बाणांसकट. माझं शिक्षण इंग्रजी शाळेत झालेलं. मराठी बोलते ती पुस्तकासारखी, आणि अहिराणी कळते, पण बोलायला धजत नाही. माझ्या वर्गातल्या एका मुलीचे वडील प्रकाशा गावाहून आले होते. तक्त्याकडे आदराने बघत ते म्हणाले, “मागला साल ऐंशी व्हतात, आते बासट. पोर घसरनी.” मी “सापेक्ष स्थान” असं काहीतरी पुटपुटले.

तेवढ्यात बाई आत आल्या. “हाई मार्क नही शेतस, भाऊ. शंभर ट्रॉल्यासमा बासट तुन्ही पोरना मांगे उभ्या शेतस. मंग घसरनी कशी?”

वडील खुलले. मला बरं वाटायला हवं होतं. वाटलं ते एवढंच, की त्या सगळ्या ट्रॉल्या एखाद्या वळणावर उलटाव्यात.

“बाई, मंग पोरले तुमनाच वर्गमा टाकी ल्या,” ते म्हणाले.

उत्तर येत असलं की ती मुलगी हात वर करत नाही, नुसती माझ्याकडे बघते. ते बघणं फक्त मला कळतं.

हो म्हणणं बाईंना किती सोपं होतं. पण त्या माझ्याकडेच बघत थांबल्या, जणू पुढचं वाक्य माझं होतं. त्यांना हेही कळतं, याचाच मला राग येतो.

मी तक्ता गुंडाळून बाजूला ठेवला आणि म्हणाले,

“दादा, ती माले मन्हाच वर्गमा जोयजे.”