इओलेबाईंचं हाड

आमच्या सान फ्रेदियानो मोहल्ल्यात त्या जूनमध्ये एक बातमी फिरत होती: तिसऱ्या मजल्यावरच्या इओलेबाईंनी पिठाच्या डब्यात चोरीचं हाड लपवलंय. बातमी खोटी होती. एक तर हाड पिठाच्या डब्यात नव्हतं, टॉवेलांच्या कपाटात होतं. दुसरं म्हणजे ते हाडच नव्हतं. आणि तिसरं, आता लपवून काय उपयोग, बातमी मीच सोडली होती. मी त्याच इमारतीत तळमजल्यावर जोडे शिवतो. तोंड रिकामं असतं.

तो काळ हाडबंदीचा. उत्तरेकडे कुठल्याशा गाईंना वेडाचा रोग लागला आणि शिक्षा झाली आम्हा फ्लॉरेन्सवाल्यांना! कण्याचं हाड विकायचं नाही, असा हुकूम सुटला. आता हाडाशिवाय आमचा स्टेक म्हणजे नुसता मांसाचा तुकडा. चार बोटं जाडीचा काप दोन्ही बाजूंनी भाजला की शेवटी त्याला हाडावर उभं करायचं असतं, म्हणजे खालून धग हळूहळू गाभ्यापर्यंत चढते. पाय काढून घेतल्यावर तो उभा राहणार कशावर? हुकमावर?

हे इओलेबाईंइतकं कुणाला कळत नव्हतं. नदीपलीकडच्या एका खानावळीत त्यांनी तीस वर्षं भांडी घासली. निखाऱ्यांवरच्या जाळीला हात लावायची सोय नव्हती. तो मान भाजणाऱ्याचा. पण उष्टी ताटं सगळी यांच्याकडेच यायची. ताटात गुलाबी पाण्याचं तळं दिसलं, की मांस तापलं पण मुरलं नाही. कडेला करडी पट्टी टाकलेली असली, की मांस थंडगार असतानाच जाळीवर चढवलं. वातड चोथा राहिला, की मीठ आधी लावलं. असा सगळा स्टेक त्या उलट्या बाजूने शिकल्या. "घरी असा होत नाही हो," असं मालक गिऱ्हाइकांना सांगायचा, तेव्हा आत मोरीवर बाईंचे ओठ घट्ट व्हायचे. घरी, स्वयंपाकघरातल्या जुन्या चुलीवर, ओकच्या निखाऱ्यांवर बंदी येईपर्यंत त्या दर जूनमध्ये सान जोव्हान्नीच्या सणाला नवऱ्यासाठी तो करायच्या. वास्कोंचा वाढदिवस त्याच दिवशी.

त्या साली वास्को ऐंशीचे होणार होते. वसंतातल्या दुखण्याने त्यांची अन्नावरची वासनाच गेली होती. सूप परत, पास्ता परत. एकदाच म्हणाले, "इओले, तुझा उभा स्टेक दे. तेवढा खाईन."

बाईंनी बिनहाडाचा करून पाहिला. तो जाळीवर आडवा झाला, पुन्हा उभा केला, पुन्हा आडवा. वास्कोंनी दोन घास घेऊन ताट सरकवलं. ताटात गुलाबी तळं.

"बघ मेल्या नेल्लो!" ते ताट घेऊन बाई थेट माझ्या दुकानात. "तीस वर्षांत लोकांची पाहिली, आता माझ्याच घरातून असलं ताट परत आलं! मंत्र्याच्या नाकावर आदळायला हवं हे!"

"मंत्री इथे कुठे राहतो? माझ्या नाकावर नका म्हणजे झालं," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी बाई बसने इम्प्रुनेतातल्या कुंभाराकडे गेल्या, हे मला मागाहून कळलं. आठवड्याने पुन्हा गेल्या आणि परत आल्या त्या टॉवेलात काहीतरी गुंडाळून. वर त्यांचं दार किलकिलं होतं, मी पाहिलं. तांबूस, आडव्या बुडाचं, मधे उभा दांडा. हाड! बाकीचं माझ्या जिभेने केलं.

सणाच्या दुपारी नगरपोलिसांचा एक कोवळा शिपाई जिना चढून आला. त्याच्या मागोमाग मी. मला दोष देऊ नका, जिना सगळ्यांचा आहे. आत निखाऱ्यांवर स्टेक ताठ उभा होता, दोऱ्याने हाडाला बांधलेला.

"बाई, हे हाड कुठल्या कसायाने दिलं? काढा ते."

"आता नाही. त्याची अजून पाच मिनिटं आहेत. तो उभा आहे, तुम्हीही उभे राहा."

शिपाई उभा राहिला. खरंच. टोपी काढून. खुर्चीतून वास्को म्हणाले, "पोरा, धुरात राहू नकोस, डोळे चुरचुरतात."

पाच मिनिटांनी बाईंनी स्टेक उतरवला, ताटाने झाकून मुरू दिला, दोरा कापला, हाड सोडवून चिमट्याने त्यावर टिचकी मारली. खण्ण! भाजलेली माती. शिपाई कानापर्यंत लाल झाला. मी जिन्याकडे पाहू लागलो.

बाईंनी मग मीठ भुरभुरवलं, तेलाची धार सोडली, आणि वास्को जेवले. रिकामं ताट बाईंनी खिडकीच्या उजेडात धरलं, तिरकं केलं, शिपायाला दाखवलं. तळं नाही, पट्टी नाही, चोथा नाही.

जाता जाता शिपाई समजुतीने म्हणाला, "बाई, बंदी आज ना उद्या उठेल म्हणतात. तेवढं थांबला असतात तर?"

इओलेबाई म्हणाल्या, "माझा नवरा ऐंशी वर्षांचा आहे आणि तुमचा हुकूम चार वर्षांचा. थांबायचं कुणी?"