बोटात लिंबू, उपसागरात जहाजं

आधी मोहरीरचाचांचं सांगतो, मग काय घडलं ते. सेलूच्या पोलीस ठाण्यात ते उर्दू लिहिणारे कारकून होते. निजामाच्या मुलखात अशा कारकुनाला मोहरीर म्हणत. त्यांचं खरं नाव लिहीत नाही, कारण त्यांनीच बजावून ठेवलंय, "कागज पे नाम नको रे बाबा, कागज फिरता." पण आज मी सेलूत सुखानं दोन वेळा जेवतो, ते त्यांच्यामुळं. एवढं तरी कागदावर असू द्या.

मी कोकणातला, अगदी समुद्रकाठचा. मराठी चौथी झाली आणि शाळा सुटली. पुढं एका नातलगाच्या ओळखीनं एवढ्या लांब येऊन कापसाच्या जिनात, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, काट्यावर वजनं करायला लागलो. वय चोविशीचं, पण जीव सशाचा. गावाकडं आई आणि तीन बहिणी माझ्या या नोकरीवर जगत होत्या.

लढाई पेटली आणि हुकूम आला, बाहेरून आलेल्यांना हुडका, दाखला नसेल तर परत धाडा. मला 'गैरमुल्की' म्हणून ठाण्यात उभं केलं. अमीनसाहेब, म्हणजे तिथले फौजदार, माझ्याकडं न बघताच म्हणाले, "बसवा याला मनमाडच्या गाडीत."

तेवढ्यात कोपऱ्यातून चाचा म्हणाले, "हुजूर, ये मराठी अखबार पढता."

झालं होतं असं, की दर सोमवारी ठाण्याला वर एक अहवाल धाडावा लागे. जगात लढाई कुठवर आली आणि तालुक्यातले लोक तिच्याबद्दल काय बोलतात, ते त्यात लिहायचं. अमीनसाहेबांना मराठी वाचता येत नव्हतं, आणि जर्मनी कुठल्या दिशेला हेही ठाऊक नव्हतं. मलाही नव्हतं, पण ते मी त्यांना सांगितलं नाही. "ठीक आहे, काम करतो तोवर राहू दे," असं म्हणून त्यांनी मला चाचांच्या हवाली केलं.

दर सोमवारी मी मराठीत सांगायचो, चाचा उर्दूत उतरवायचे. माझी सामग्री दोनच. दोन दिवस शिळा होऊन रेल्वेनं येणारा पेपर, आणि एका अडत्याच्या दुकानातला रेडिओ. चाचा प्रत्येक ओळ "लोगां बोलते" असं लिहूनच सुरू करायचे. मी म्हटलं, "चाचा, हे दर ओळीला कशाला?"

"छत्री है बेटा. बरसात हो न हो, बगल में रखना."

जहाज बुडाल्याची बातमी आली, की लेखणी थांबवून विचारायचे, "जहाज कित्ता बडा होता रे?"

"आपल्या जिनाच्या दोन शेडा लावा एकापुढं एक."

"और वो पानी पे रहता?" विश्वास न बसून ते मान हलवायचे आणि पुढं लिहायचे. सगळ्या जगाची जहाजं त्यांनी बुडवली, पण समुद्र पाहिला नव्हता.

एका आठवड्यात पेपर आलाच नाही, आणि रेडिओची बॅटरी बसली. सोमवार उजाडला तरी हाती काही नाही. रिकाम्या हातानं गेलो तर मनमाडची गाडी ठरलेली. मग मी डोकं चालवलं. बाजारात सगळे म्हणत, जपान पुढं सरकला की कापूस खाली येतो. मीही काट्यावर बसून तसंच होताना पाहिलं होतं. आणि आदल्याच दिवशी भाव एकदम घसरला होता. मी मनाशी म्हटलं, जपान नक्कीच कुठंतरी सरकलाय. कुठं, तेवढं आपण ठरवू.

"लिहा चाचा, जपानची जहाजं बंगालच्या उपसागरात शिरली."

चाचांनी चष्म्यावरून पाहिलं. "कित्ते?"

"सात."

"सात बहुत होते. 'कुछ' लिखता."

पंधरा दिवसांनी परभणीहून बड्या साहेबांच्या सहीचं परिपत्रक आलं. 'खात्रीलायक गोटातून समजते, की शत्रूची काही जहाजं बंगालच्या उपसागरात शिरली आहेत, तरी सर्व ठाण्यांनी सावध राहावे.' समुद्र सेलूहून कितीतरी दिवसांच्या वाटेवर, तरी अमीनसाहेबांनी ओढ्यावर पहारा बसवला. छाती फुगवून सगळ्यांना सांगत सुटले, "ही बातमी आधी आपण कळवली होती!" मला वाटलं, च्यायला, खरंच शिरली की काय!

त्याच दुपारी काट्यावर दोन हमालांचं चाललं होतं.

"भाव कशानं पडला रं त्या दिशी?"

"शेटजीला नखुरडं झालंय. बोटात लिंबू घालून बसलाय न्हवं का! घेणारा बोट धरायला गेला की शेटजी कोकलायलाय!"

त्या वेळी कापसाचा सौदा रुमालाखाली हात घालून व्हायचा. तोंडानं बोलायचं नाही, घेणाऱ्यानं विकणाऱ्याची जितकी बोटं धरली तितका भाव. विकणारे आमच्या जिनाचे शेटजी, आणि त्यांचं एक बोट लिंबात होतं. पाच धरायची तिथं चारच धरता आली. पहिला सौदा तसा पडला आणि बाकीच्यांनी तोच भाव धरला. जपानचा काही संबंध नव्हता.

मी धावत ठाण्यात गेलो आणि चाचांना सगळं सांगून टाकलं. चाचा हसले, हसले, चष्मा दौतीवर पडला.

हसू चारच दिवस टिकलं. परभणीहून बडे साहेब स्वतः आले. ही जहाजं आणखी कुणालाच कशी दिसली नाहीत, असं त्यांना वरून विचारलं होतं.

"खबर किसने दी?"

अमीनसाहेबांनी हनुवटीनं मला दाखवलं.

चाचा उभे राहिले. "हुजूर, लोगां क्या बोलते वो लिखो, ऐसा हुकूम था. ये बोला, मैं लिखा." आणि त्यांनी ती ओळ दाखवली. सुरुवातीला छत्री होतीच.

"हा आपल्या लोकांतला कसा? हा तर बाहेरचा!"

"वोइच सोचरा हूँ हुजूर." चाचांचा चेहरा अगदी गरीब. "बाहर का है, तो ऊपर लिखना पडता, हुजूर के दस्तखत से गई सो खबर बाहर के आदमी की थी. और अपना है, तो अपनेइच लोगां बोले, उसमें हुजूर की क्या खता?" एवढं बोलून त्यांनी लेखणी दौतीत बुडवली आणि वाट बघत राहिले.

साहेबांनी त्या लेखणीच्या टोकाकडं पाहिलं. मग मला म्हणाले, "कुठला रे तू?"

माझ्या कोकणी तोंडातून भीतीनं जे निघालं, ते माझं मलाच ओळखू येईना. "हितलाच हाय जी, हुजूर. लय दिसापासून हितंच हाय."

चाचांना मोठा खोकला आला. साहेबांनी मिशीत हसू दाबलं आणि म्हणाले, "याला मुल्की दाखला द्या. आणि यापुढं जहाजं नकोत."

तो दाखला अजून माझ्या ट्रंकेत आहे. तो देणारं राज्य गेलं, ठाण्यातली उर्दू गेली, चाचा घरी बसले. आता गुडघे धरलेत, तरी मी गेलो की पहिला प्रश्न तोच, "कित्ता बडा होता रे जहाज?"

माझ्या शब्दावर त्यांनी जहाजं लिहिली, आणि माझ्यासाठी साहेबापुढं उभे राहिले. तेव्हा हे मी लिहून देतो. दिवाळी होऊ दे, चाचा, गुडघ्यांना तेल लावून ठेवा. मनमाडच्या त्याच गाडीत आपण दोघं बसू. तुम्हाला आईच्या हातचं जेवू घालीन, वाळूत खुर्ची टाकून देईन, आणि एक तरी जहाज दिसेपर्यंत तुमच्याजवळून हलणार नाही.