बोंजुकचं रक्त गोठेना

माझ्या थोरल्या जावेचं नाव येतेर. आमच्या बोलीत त्याचा अर्थ ‘पुरे’. तिच्या आईबापाला मुलीमागून मुलीच होत गेल्या, तेव्हा देवाला निरोप पोचावा म्हणून त्यांनी हे नाव ठेवलं. देवानं काही ऐकलं नाही, येतेरच्या पाठीवर आणखी एक मुलगीच आली. येतेर हे स्वतःच हसून सांगायची. तिला जाऊन आता बरीच वर्षं झाली. पण गावात कुठंही मोठा हंडा चुलीवर चढला की मला ती आठवते. लग्न असो, सुंता असो की मयताचं जेवण, आमच्या पठारावरच्या या गावात तिच्या हाताशिवाय हंडा चढत नसे. नवरा लवकर गेला. पदरात एक मुलगी, गुलबेयाझ, आणि गोठ्यात एक गाय, बोंजुक.

गुलबेयाझचं लग्न ठरलं तेव्हाची ही गोष्ट. उन्हाळा सरत आला होता. माळावरचं गवत इतकं संपलेलं, की गुरं मुळं उकरून मातीसकट खात होती. बोंजुक लग्नासाठीच राखलेली होती. सकाळी कापायची आणि दुपारी नवऱ्याकडच्या माणसांना जेवायला घालायचं, असं ठरलेलं. दुसरं मांस आणायची येतेरची ऐपत नव्हती.

आदल्या दिवशी दुपारी बोंजुक चालता चालता थांबली. तिचं अंग थरथरायला लागलं, मान खाली गेली आणि ती बसकन खाली आली.

आमच्याकडं जनावर असं पडलं की पहिली धाव गुरांच्या डॉक्टराकडं नसते, सुरीकडं असते. सुरीआधी जीव गेला तर ते मांस हराम, सगळं फुकट. जीव असताना अल्लाचं नाव घेऊन गळा कापला गेला तर हलाल. मधे अंतर असतं ते एका श्वासाचं, आणि त्या श्वासासाठी आमच्याकडचे पुरुष जसे पळतात तसे एरवी कशासाठीही पळत नाहीत. आमचे हे, जुमा, सगळ्यांच्या पुढं. बाह्या वर, सुरी हातात, धापा टाकत आले. गाय डोळे पांढरे करत होती. ह्यांनी अल्लाचं नाव घेतलं आणि सुरी फिरवली. गायीनं पाय झाडले. रक्त खड्ड्यात उतरलं. दुसऱ्या दिवशी लग्न लावणार होते ते वाहिद होजा, आमचे मशिदीतले इमाम, शेजारीच उभे होते. “हलाल झालं,” ते म्हणाले. येतेर तिथंच मातीत बसली आणि पदरानं डोळे पुसायला लागली.

पुरुषांनी कातडं काढलं. ताज्या जनावराचं काळीज तिथल्या तिथं निखाऱ्यावर भाजायचं आणि पहिला घास सुरी चालवणाऱ्यानं घ्यायचा, ही आमच्याकडची रीत. त्यांनी शेगडी पेटवली. इकडं आम्ही बायका मांस धुवायला बसलो. येतेर धुते आहे, पाणी ओतते आहे, आणि पाणी काही निवळत नाही. दर वेळी तसंच काळसर. तिनं आतडी चाळवली, तर पाणथरी, म्हणजे प्लीहा, सुजून फुटायला आलेली. ती उठली, खड्ड्यापाशी गेली आणि काटकीनं रक्त ढवळून पाहिलं. एवढ्या वेळात खरं तर ते थिजायला हवं होतं. पण ते बैलगाडीच्या वंगणासारखं काळं, आणि काटकीवरून थेंब थेंब गळत होतं.

ती परत आली, राखेनं हात घासले आणि मला हळूच म्हणाली, “या मांसाला कुणी हात लावायचा नाही.”

मी म्हटलं, बाई, होजांनी हलाल म्हटलंय.

“म्हटलंय खरं,” ती म्हणाली आणि सरळ पुरुषांच्या घोळक्यात शिरली.

आमच्या ह्यांनी काळजाचा पहिला तुकडा भाकरीत गुंडाळलेला होता. हात तोंडाशी गेलेला. येतेरनं पायानं शेगडी उलटवली. निखारे मातीत गेले, सळया गेल्या.

“वहिनी, शुद्धीवर आहात का?” हे म्हणाले. “मी पळत आलो म्हणून तुमची गाय वाया गेली नाही.”

“उपकार आहेत तुमचे भावजी. पण तो घास खाली ठेवा.”

मागून कुणीतरी म्हणालं, आता धर्माचे निवाडेपण स्वैपाकघरातून यायला लागले. दोघंचौघं हसले. येतेरनं तिकडं पाहिलंसुद्धा नाही. ती होजांकडं वळली.

“होजा, रमजानात तुम्ही सांगितलं ते मी पडद्याआडून ऐकलंय. वाहतं रक्त हराम का, तर रोग रक्तात राहतो. मेलेलं जनावर हराम का, तर त्याचं रक्त आतच कुजतं. बोंजुकचं निम्मं रक्त मांसातच आहे. जे बाहेर आलंय, ते अजून गोठलेलं नाही.”

होजा म्हणाले, “येतेर, ती कारणं आम्ही माणसांनी शोधलेली. हुकूम असतो तो कारणासाठी थांबत नाही. आणि आज हुकूम पाळला गेलाय.”

“मग पहिला घास तुम्ही घ्या. मी लगेच हंडा चढवते.”

ह्यांच्या हातातली भाकरी तशीच. दारात गुलबेयाझ मेंदीचे हात वर धरून उभी होती, आणि तिच्या तोंडावरचा रंग उडालेला मला दिसत होता. उद्या पंगत बसायची होती आणि आई मांस नको म्हणत होती.

होजा खड्ड्याशी गेले. बराच वेळ वाकून पाहत राहिले. मग काटकी टाकली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “किताबात दोन शब्द आहेत. हलाल, आणि स्वच्छ. पहिल्याची साक्ष मी दिली. दुसऱ्याची माझ्याच्यानं देववत नाही.”

तेव्हा कुठं ह्यांनी तो घास निखाऱ्यात टाकला.

कातड्यासकट सगळं खोल पुरलं, वर चुना टाकला. रात्री कुणी लोभानं उकरू नये म्हणून येतेरनं आपल्या हातानं मांसावर रॉकेल ओतलं. ओततानाही ती गायीचं नाव पुटपुटत होती.

दुसऱ्या दिवशी लोण्यातला गव्हाचा दलिया, कांदा आणि दही. विहीणबाईंनी पळी हंड्यात तळापर्यंत घालून पाहिली आणि विचारलं, मांस कुठं पोहायला गेलंय का. येतेरनं त्यांना आणखी एक पळी दलिया वाढला. गुलबेयाझ मान खाली घालून सासरी गेली. आमचे हे येतेरच्या दाराशी फिरकेनासे झाले. भर अंगणात वहिनीनं हातचा घास टाकायला लावला, हे त्यांना पचेना.

मग एक दिवस नमाजाआधी वजूचे हातपाय धुताना ह्यांनी बाही वर केली आणि मला मनगटावर पुळी दिसली. मधे कोळशासारखी काळी, भोवती सूज. दुखत नाही म्हणाले, म्हणून मला दाखवलीही नव्हती. सकाळपर्यंत हात कोपरापर्यंत सुजला, ताप भरला, बोलणं भलतीकडं जायला लागलं. दूधवाल्याच्या ट्रकमधे घालून त्यांना तालुक्याला नेलं. येतेर शेजारी चढून बसली आणि वाटभर त्यांचं डोकं मांडीवर धरून होती.

डॉक्टरांनी हात पाहिला आणि म्हणाले, काळपुळी. गुरांपासून येते. सुई टोचायच्याही आधी त्यांनी विचारलं, “ते मांस कुणी कुणी खाल्लं?”

“कुणी नाही,” मी म्हटलं.

“लग्नाचं जनावर, आणि कुणीच खाल्लं नाही?”

मी येतेरकडं पाहिलं. ती खिडकीबाहेर बघत होती. “कुणीच नाही,” मी म्हटलं. डॉक्टर खुर्चीत मागं टेकले आणि मगच त्यांनी औषध भरायला घेतलं.

हे वाचले. घरी आणलं त्या दिवशी ट्रकमधून उतरले ते आमच्या दाराकडं वळलेच नाहीत. हात गळ्यात बांधलेला, तसेच काठी टेकत येतेरच्या चुलीपाशी जाऊन बसले.

“वहिनी, भूक लागलीय.”

“मांस नाहीये भावजी. दलियाच आहे.”

“तोच वाढा,” हे म्हणाले.